काढून ठेवलेला नंबर

१

परदेशात विमानातून उतरलं की लोक आधी बाथरूम शोधतात, मी सिमचं दुकान शोधते. गेली अकरा वर्षं हेच चाललंय. गोळ्यांच्या पट्ट्या भरणारी यंत्रं आमची कंपनी विकते, आणि ती जिथे जातील तिथे जाऊन ती जोडून, चालवून दाखवून परत यायचं, हे माझं काम. कुठे दोन आठवडे, कुठे महिना. ऑफिसने दिलेला फोन दणकट आहे, पण त्यात सिमला जागा एकच. म्हणून काउंटरवर पासपोर्ट द्यायचा, त्या देशाचं सिम घ्यायचं, पर्समधली सेफ्टी पिन फोनच्या भोकात खुपसून ट्रे बाहेर काढायचा, घरचं सिम गोळ्यांच्या छोट्या डबीत टाकायचं आणि नवं बसवायचं. घरचा नंबर तिथून पुढे बंद. ज्याला बोलायचंय त्याने नेटवरून बोलावं.

त्या दिवशी पिन बोटात घुसली, कारण मी संतापलेली होते. विमानात चढल्यापासून उतरेपर्यंत एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. निघताना आई म्हणाली होती, "डोळा काही तुझ्या तारखा बघून पिकत नाही."

आईला एकच डोळा उरलाय. दुसरा काचबिंदूने सात वर्षांपूर्वी नेला. त्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी म्हटलं होतं, तीन आठवडे थांब, मी आले की ऑपरेशन करू. एकुलता एक डोळा, चूक झाली तर काठी हातात येईल, मी जवळ पाहिजे. तिने माझ्या पाठीमागे धाकट्याला बोलावून घेतलं, डॉक्टरांची तारीखही ठरवली, आणि मला कळवलं ते बॅग भरून झाल्यावर. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. वर्षातून दोनदा येतो आणि घरातल्या सगळ्या गोष्टी त्याला कळतात.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस, ताई," तो म्हणाला. "तू तुझी यंत्रं बघ. आईचं मी बघतो."

मी त्याचं 'बघणं' जन्मापासून बघत आले होते.

२

ऑपरेशन मंगळवारी झालं. धाकट्याने व्हिडिओ कॉल करून दाखवलं. आई पलंगावर, डोळ्यावर पांढरी पट्टी, हात पोटावर. चांगलं झालं म्हणाले डॉक्टर. पट्टी दुसऱ्या दिवशी काढणार, पण आठवडाभर धूसरच दिसेल, आणि दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे.

"वेळा लिहून ठेव," मी म्हटलं. "बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. हात धुऊन."

"हो हो," तो म्हणाला.

आई पट्टीच्या आडून म्हणाली, "अगं, सकाळी सगळं सांगितलंस की. परत परत काय तेच."

मी सकाळी फोन केला नव्हता. सकाळभर मी यंत्राच्या पोटात डोकं घालून बसले होते, साचा गरम होत नव्हता म्हणून. मला वाटलं, भुलीच्या इंजेक्शनची गुंगी असेल. मी फोन ठेवला. भांडायला वेळ नव्हता. चष्मा कपाळावर चढवून हिंडणारा तिथला फोरमन काचेवर टकटक करत होता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या खिडकीपाशी उभं राहून मी धाकट्याला फोन लावला. मागे मोटारीचे हॉर्न ऐकू येत होते.

"कुठे आहेस?"

"पोचलो घरी. आताच."

"कुठल्या घरी?"

"माझ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन दिवसांत पळालास? आईजवळ कोण आहे?"

तो म्हणाला, "तू."

मी खिडकीकडे पाठ केली.

"ताई, काल संध्याकाळी तूच फोन केलास. सुट्टी मिळाली, सकाळी पोचते, तू नीघ म्हणालीस. वर म्हणालीस की खूप केलंस, आता आराम कर. मला आश्चर्यच वाटलं. तू असं कधी म्हणत नाहीस."

"कुठल्या नंबरवरून?"

"तुझ्याच. तुझा आवाज मी ओळखत नाही का?"

"तू मला डोळ्यांनी बघितलंस?"

"माझी गाडी पहाटेची होती. आई म्हणाली, जा, ती येतेच आहे."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या टेबलावरचे कामगार हातातले घास तसेच ठेवून माझ्याकडे बघत होते. भाषा कळायची गरज नव्हती.

३

आईकडे दोन उपकरणं. एक बटणांचा साधा फोन, आणि एक टॅब, व्हिडिओसाठी, जेवणाच्या टेबलावर स्टँडला लावलेला. टॅबवर कुणी कॉल घेईना, म्हणून मी इथल्या सिमवरून थेट बटणांच्या फोनवर लावला. सातवी घंटा झाल्यावर उचलला.

"आई, घरात कोण आहे?"

"कोण बोलतंय?"

"मी. मी बोलतेय. घरात कोण आहे?"

मागून बादलीची कडी आपटल्याचा आवाज आला, आणि ओले कपडे झटकल्याचा. तो आवाज चांगला ओळखीचा होता. उशीचा अभ्रा झटकल्यावर असाच फाट्कन वाजतो.

"ती तर बाल्कनीत कपडे वाळत घालतेय," आई म्हणाली.

"आई, मी परदेशात आहे. सोमवारी तुझ्यासमोर गेले ना मी?"

"हो का?" आई म्हणाली. चुकीचा नंबर लागलेल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात. मग जरा लांबून, फोन तोंडापासून दूर धरून, ती कुणाला तरी म्हणाली, "परक्या देशातून कुणी बोलतंय गं."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्या वेळी आई म्हणाली, "असले लांबचे नंबर उचलायचे नसतात. माणसं फसवतात." आणि ठेवून दिला.

म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्या आईला माझ्याचपासून जपायला ती शिकवत होती.

भीती अजून वाटत नव्हती, हे खरं सांगते. मला वाटत होता राग, आणि रागात माझं डोकं चांगलं चालतं. कुणीतरी माझ्या नंबरचं दुसरं सिम काढलंय. असे गुन्हे होतात, पेपरात येतं. आवाज हुबेहूब काढणारी माणसं असतात, आता तर मशीनंही काढतात. म्हातारी बाई, डोळ्याने धड दिसत नाही, घरात एकटी. चोरी करायला याहून सोपं घर कुठलं? मी समोरच्या काकूंना नेटवरून फोन केला. आमच्या दाराला दार लागून त्यांचं दार.

"काकू, आत्ता आमच्या घरी जा आणि बघा. फोन सुरू ठेवा."

काकू सपाता फरफटवत गेल्या. बेल वाजली. आईचा आवाज, काकूंचा आवाज, हसणं. मग काकू बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, कसली थट्टा करतेस? न्हाणीघरात पाणी पडत होतं. गुणगुणत होतीस की तू आत. मी थांबले नाही. घर मात्र किती छान आवरलंयस."

"काकू, मी आयुष्यात कधी गुणगुणले आहे?"

काकू म्हणाल्या, "तेच मनात आलं माझ्या. म्हटलं, बरं झालं, पोरगी निवळली."

मी त्यांना पोलिसांना बोलवा म्हटलं. त्या म्हणाल्या, "आणि काय सांगू? लेक घरी आलीय म्हणून?"

४

शुक्रवारी कामावर जाण्याआधी मी हॉटेलच्या खोलीत टेबलावर गोळ्यांची डबी उघडली. माझं सिम तिथेच होतं. सोनेरी तोंडाचं, नखाएवढं. एका कोपऱ्यावर जुना ओरखडा होता, तोही जागेवर. मी ते टेबलावर समोर ठेवलं आणि नेटवरून आमच्या मोबाइल कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक गोड आवाजाची बाई आली.

"माझ्या नंबरचं कुणीतरी दुसरं सिम काढलंय. नंबर ताबडतोब बंद करा."

तिने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, मागच्या महिन्यात सर्वात जास्त कुणाशी बोललात ते विचारलं. मी सगळं सांगितलं. की-बोर्डचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"मॅडम, या नंबरवर दुसरं सिम काढलेलं नाही. तुमचं मूळचंच सिम चालू आहे."

"मूळचं सिम माझ्यासमोर टेबलावर पडलंय. फोनबाहेर."

"इथे ते नेटवर्कवर दिसतंय, मॅडम. तुमच्या घरच्या टॉवरवर."

"मग बंद करा."

"ते करता येणार नाही. तशी नोंद आहे."

"कसली नोंद?"

तिच्या आवाजातला गोडवा जरा पातळ झाला. "आज सकाळीच तुम्ही फोन केला होता. परदेशातून एक बाई फोन करेल, सगळी माहिती बरोबर सांगेल, रागावेल, पण नंबर बंद करू नका, असं तुम्हीच सांगून ठेवलंय."

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"तिने काय सांगितलं? मला शब्द सांगा."

"मॅडम, ओरडू नका, प्लीज. त्या तरी किती शांतपणे बोलल्या." आणि मग, जणू मला समजावायला, ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, तिच्यावर चिडू नका. तिचा स्वभावच तसा आहे."

मी फोन ठेवला. खाली उतरून रिसेप्शनवरून कात्री मागून आणली आणि ते सिम कापलं. आधी उभं, मग आडवं. सोनेरी चिप चटकन तुटली. चारही तुकडे मी बेसिनमध्ये टाकले आणि नळ पूर्ण सोडला. समाधान झालं. माझी वस्तू आहे. मला नको असेल तर कुणालाच मिळणार नाही.

संध्याकाळी कारखान्यातून परतल्यावर, कपडेही न बदलता, मी इथल्या सिमवरून माझाच घरचा नंबर फिरवला. 'हा नंबर सध्या बंद आहे' एवढं ऐकायचं होतं. ते ऐकलं की जेवणार होते.

घंटा वाजली.

तिसऱ्या घंटेला उचलला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आमच्या हॉलमधल्या घड्याळाचा सेकंदकाटा सहाच्या आकड्याला जरा अडकतो आणि मग दोन घरं एकदम उडी मारतो. तो अडकला, उडाला.

मी सुरू झाले. कोण आहेस तू, तुझी हिंमत कशी झाली, माझ्या आईच्या डोळ्याला हात लावशील तर बघ. पोलीस, तुरुंग, जे सुचेल ते. घसा दुखेपर्यंत. मध्ये श्वास घ्यायला थांबले.

"झालं?" पलीकडून विचारलं.

आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की कसा परका आणि लाजिरवाणा वाटतो, तसा तो होता. माझाच होता. फक्त त्याला घाई नव्हती.

"हळू बोल," तो आवाज म्हणाला. "आईचा आत्ताच डोळा लागलाय."

५

भीती तिथे सुरू झाली. पण ती एकटी आली नाही. रागाचा हात धरून आली, आणि दोघांतलं मोठं कोण ते मला अजूनही सांगता येत नाही.

शनिवारी यंत्र चाललं. पट्ट्या एकामागून एक, सरळ, कोऱ्या, प्रत्येक खळग्यात एक गोळी. फोरमनने अंगठा दाखवला. मी त्याच्याकडे बघून हसलेही नाही. चाचणीचे अजून दहा दिवस बाकी होते. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं. बाईने घर लुटलं नव्हतं. कपडे धुतले, घर आवरलं, आईला शांत झोपवलं. तिला काय हवंय, हे कळलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

रविवारी सुट्टी. दुपारी मी टॅबवर कॉल लावत राहिले. वीस वेळा, तीस वेळा. त्याचा स्फोट झाला तरी चालेल म्हणून लावत राहिले. मग अचानक तो उचलला गेला.

टॅब स्टँडवरून निसटून मागे कलंडला असावा. मला छत दिसत होतं, पंख्याचं एक पातं, आणि खालच्या कडेला आईचं कपाळ. केस विंचरलेले, मधोमध नीट भांग. आई खुर्चीत मान मागे टाकून बसली होती.

"आई," मी म्हटलं.

"आलास का रे?" आई म्हणाली. तिला धाकटा वाटला असेल. "थांब, थेंब घालून होऊ दे."

चौकटीच्या उजव्या बाजूने हात आला. कोपरापर्यंत बाही दुमडलेली. मनगटाजवळ भाजल्याचा तो चपटा डाग, जो मला कंपनीतल्या पहिल्या वर्षी साच्याचा चटका बसून पडला. मी माझ्या हाताकडे बघितलं. डाग माझ्याही हातावर होता.

त्या हातात थेंबांची बाटली होती. दुसऱ्या हाताने तिने आईच्या हनुवटीला आधार दिला, अंगठ्याने खालची पापणी ओढली. आणि थांबली. आईने आपणहून श्वास सोडेपर्यंत, खांदे सैल होईपर्यंत थांबली. मग एक थेंब. मग बोटांच्या मागच्या बाजूने आईच्या गालावरचं ओघळलेलं पाणी टिपलं.

"झालं का?" आईने विचारलं.

हात आईच्या हनुवटीखालून निघाला, टॅबकडे वळला, मोठा होत होत त्याने पूर्ण चौकट भरली. चेहरा आता दिसेल म्हणून मी फोन डोळ्यांपाशी नेला. पण तिने टॅब उचललाच नाही. हलकेच पालथा घातला, झोपलेल्या पोरावरून चादर सारखी करावी तसा.

अंधारात आईचा आवाज आला. "कोण होतं गं?"

६

मी सोमवारी निघाले. फोरमनला म्हटलं, आई आजारी आहे. तो म्हणाला, चाचणी अर्धी टाकून गेलात तर कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा.

मंगळवारी दुपारी आमच्या जिन्यात पोचले तेव्हा माझ्याकडे चालणारा फोन नव्हता. परदेशातलं सिम इथे मुकं झालं होतं आणि घरचं बेसिनमधून वाहून गेलं होतं. बॅग ओढत तीन मजले चढले. प्रत्येक पायरीला एकेक वाक्य तयार करत होते. आधी तिला बाहेर काढायचं, मग आईला फैलावर घ्यायचं, मग धाकट्याला.

आईने दार उघडलं. काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. डोळा जरा लाल, पण स्वच्छ. सात वर्षांत पहिल्यांदा ती डोळे बारीक न करता माझ्याकडे बघत होती.

"आलीस?"

मी तिला बाजूला सारून आत गेले. हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन्ही खोल्या, बाल्कनी. कपाटाची दारं उघडली. पलंगाखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. बाल्कनीतल्या दोरीवर माझे घरातले कपडे वाळत होते, शिवण बाहेर करून. मी कधीच तसे घालत नाही.

"कुठे आहे ती?"

"गेली," आई म्हणाली. "तू येणार म्हणाली, म्हणून गेली. तासभर झाला असेल."

"कोण होती?"

"मला काय माहीत?"

"आई, अनोळखी बाईला पाच दिवस घरात ठेवलंस. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तुला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं." आई खुर्चीवर बसली. "थेंब घालताना तिचा हात थांबायचा. तुझा हात कुणासाठी थांबलाय?"

"मग मी फोन केला तेव्हा 'कोण बोलतंय' का विचारलंस?"

"तू ओरडत होतीस," आई म्हणाली.

"काळजीने ओरडत होते. तुझ्यासाठी सगळं टाकून आलेय."

"तू नेहमी सगळं टाकूनच येतेस. मग इथे येऊन तेच ऐकवतेस." ती हे चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती दमल्यासारखं म्हणाली. "आजारी माणसाला किती ऐकवायचं, गं? मला दोन दिवस तरी कुणाचं ओझं व्हायचं नव्हतं. तिला मी ओझं वाटले नाही."

मी तिच्यासमोर खाली बसले. आवाज शक्य तेवढा खाली आणला. "आई, दिसायला लागल्यावर तिला पाहिलंस ना? कशी होती?"

आई पुढे वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, ओठांचे कोपरे. दुकानात एकाच रंगाची दोन कापडं उजेडात धरून बघतात, तसं. तिच्या नव्या डोळ्यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीत माझं डोकं, लहानसं, काळं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं. ती घाबरली होती का मला माहीत नाही. हिरमुसल्यासारखी वाटली.

टेबलावरचा बटणांचा फोन वाजला. आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. पडद्यावर माझं नाव होतं.

"उचलू नकोस," मी म्हटलं. "आई, मी इथे आहे. मी तुझ्यासमोर बसलेय. उचलू नकोस."

आईने फोन उचलला.

"हं, बोल," ती म्हणाली. ऐकत राहिली. "हो, आली ती." पुन्हा ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. "चिडलेलीच आहे. नाही, जेवली नाही अजून." मग पलीकडून काहीतरी बोललं गेलं आणि आई हसली. मोकळं, गळ्यातून आलेलं हसू. हे हसू मी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते आठवेना.

तिने फोन माझ्यापुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

तीन मजले चढताना जुळवलेलं एक वाक्यही मला आठवलं नाही. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं. शांतपणे, मी श्वास सोडेपर्यंत.

मी हात पुढे केला नाही.

आईने जरा वाट पाहिली. मग फोन परत स्वतःच्या कानाला लावला, "राहू दे, नंतर," म्हणाली, उठली, भिंतीला हात न लावता सरळ चालत आपल्या खोलीत गेली आणि दार आतून लोटून घेतलं. आवाज न करता, मी झोपले असेन तर जाग येऊ नये, तसं.